४६ पीएस आणि ४७ पीएस: आकडा सारखा, मग गाडी वेगळी का वाटते?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली थोडी पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

लोकलमध्ये उभे असाल, हेडफोनचा एकच कान चालू असेल, तरी चालेल. आजचा विषय मोठ्या इंजिनांच्या गाड्यांचा आहे.

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट आली, जुईनगरचा एक मित्र आहे. तो म्हणतो, "दादा, ३९० ड्यूक घेऊ की इंटरसेप्टर ६५०? पॉवर तर सेमच आहे ना? मग ६५० साठी एवढे पैसे आणि एवढं वजन कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. कागद समोर ठेवा. इंटरसेप्टर: ६४८ सीसी, दोन सिलिंडर, साधारण ४७ पीएस. नवीन ड्यूक: ३९९ सीसी, एक सिलिंडर, ४६ पीएस. एका पीएसचा फरक. पण शिरवण्यात एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या कुठल्याही वर्कशॉपबाहेर दोन्ही गाड्या चालवलेल्या माणसाला गाठा आणि विचारा. तो म्हणेल, या दोन गाड्यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कशा, ते बघू.

आधी एक गंमत. हे ४६-४७ आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले, त्यामागे एक सरकारी कारण आहे, आणि ते आपल्याकडचं नाही. युरोपात नव्या पोराला सरळ मोठी गाडी देत नाहीत. तिथे ए-टू नावाचं मधलं लायसन्स असतं. त्यावर चालवायच्या गाडीची मर्यादा ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस पीएस. शिवाय वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त पॉवर नको. इंटरसेप्टर पहिल्या मर्यादेच्या काठावर बसते. ड्यूक हलकी असल्यामुळे दुसऱ्या मर्यादेच्या काठावर. जगभर विकायची गाडी बनवताना कंपन्या ही रेघ डोळ्यांसमोर ठेवतात. म्हणजे कागदावर तुम्हाला "सेम" दिसतंय, त्याचं मोठं कारण हा नियम आहे. आपल्याकडे अशी पायरीच नाही. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स १०० सीसीलाही तेच आणि १००० सीसीलाही तेच. अठराव्या वर्षी परीक्षा द्या आणि पैसे असतील तर दोनशे पीएसची गाडी घरी आणा. ही पायरी आपल्याला स्वतःच घालून घ्यावी लागते. म्हणून आजचा भाग जरा सविस्तर करतोय.

आता मुद्द्याकडे. पीएस म्हणजे काय? टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले सात हजार. अचूक आकडा ७०२४ च्या आसपास आहे, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सात हजार पुरे. टॉर्क म्हणजे इंजिन एका फेऱ्यात किती जोराने पिळतं. आरपीएम म्हणजे मिनिटाला असे किती फेरे. थोडं पिळून पुष्कळ फेरे मारले तरी पीएस वाढतात, आणि जोरात पिळून कमी फेरे मारले तरी वाढतात.

करून बघा. इंटरसेप्टरचा सर्वोच्च टॉर्क ५२ न्यूटन मीटर, साधारण ५२५० आरपीएमला. गुणिले, भागिले: ३९ पीएस. म्हणजे सव्वापाच हजारावरच ४७ पैकी ३९ तुमच्या हातात आले. ड्यूकचा सर्वोच्च टॉर्क ३९ न्यूटन मीटर, ६५०० ला. हिशोब केला की ३६ पीएस. उरलेले दहा पीएस ती साडेसहा ते साडेआठ हजारांच्या मध्ये देते. पूर्ण ४६ पाहिजेत तर काटा ८५०० वर न्यायलाच लागतो.

आणि अजून एक आकडा, माझ्या मते या सगळ्या तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा. रॉयल एनफील्डचं म्हणणं आहे की इंटरसेप्टरचा ८० टक्के टॉर्क २५०० आरपीएमलाच मिळतो. ५२ चे ८० टक्के म्हणजे ४१ च्या वर. म्हणजे नुसतं गुणगुणत चाललेलं हे इंजिन जेवढं पिळतंय, तेवढं ड्यूक तिच्या सर्वोच्च क्षणीही पिळत नाही!

मग ड्यूक हळू आहे का? अजिबात नाही. इथेच खूप लोकांचा घोटाळा होतो. "टॉर्क जास्त म्हणजे पिकअप जास्त" हे वाक्य नाक्यावर रोज ऐकू येतं, आणि ते अर्धवट आहे. मध्ये गिअरबॉक्स आहे, विसरू नका. जास्त फिरणाऱ्या इंजिनाला आखूड गिअर देता येतात आणि आखूड गिअर चाकापर्यंत पोचणारा टॉर्क वाढवतो. एखाद्या वेगाला दोन्ही गाड्या आपापल्या सर्वोच्च पॉवरवर असतील, तर मागच्या चाकावरचा ढकलणारा जोर जवळपास सारखाच असतो. मग पुढे कोण जाणार? जिचं वजन कमी ती. ड्यूक १६८ किलो. इंटरसेप्टर पेट्रोलसकट २१८ च्या आसपास. पन्नास किलो कमी, म्हणजे सिमेंटची एक अख्खी गोणी. योग्य गिअरमध्ये, काटा वर ठेवून चालवलेली ड्यूक पुढे निघते.

फरक आहे तो "योग्य गिअरमध्ये" या दोन शब्दांत. ड्यूककडून जोर मागून घ्यावा लागतो: क्लच, एक गिअर खाली, मग थ्रॉटल. इंटरसेप्टर चौथ्या गिअरमध्ये असो की पाचव्या, मनगट वळवलं की निघते. एकीला चालवणारा जागा लागतो, दुसरी चालवणाऱ्याला सांभाळून घेते. कोणाला काय आवडेल हा स्वभावाचा भाग झाला. पण "सेम पॉवर" म्हणून दोन्हींकडून सारखंच वागणं अपेक्षित धरलं, तर पहिल्याच ओव्हरटेकला दचकाल.

ओव्हरटेकचं उदाहरण घेऊ. आपल्या भागातून रविवारी पहाटे निघणाऱ्यांचा रस्ता ठरलेला असतो. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवर बंदी, तिकडे मुंबईत कोस्टल रोडवरही बंदी. म्हणजे ६५० घ्या नाहीतर १०० घ्या, लोणावळ्याला जायचं तर शिरवण्याहून सायन-पनवेल हायवे, मग पळस्पे फाटा, चौक, खोपोली, आणि शिंग्रोबाच्या देवळाकडून चढणारा जुना घाट. (एवढे पैसे मोजून घेतलेल्या गाडीला सगळ्यात चांगले रस्तेच बंद, यावर एक वेगळा भाग होईल. आज नको.)

घाटात काय होतं? लोकांना वाटतं चढाला पॉवर लागते. हिशोब सांगतो ऐका. गाडी, तुम्ही आणि मागे बसलेला मित्र मिळून साडेतीनशे किलो. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ, वेग पन्नास. नुसतं चढायला लागतात साधारण चार पीएस. चार! म्हणूनच बाबांची स्कूटरही घाट चढते. मोठं इंजिन लागतं ते पुढे ट्रक आला की. वेग तीसवर उतरतो, वळण संपतं, समोर थोडी मोकळी जागा दिसते आणि तेवढ्यात तीसवरून साठवर जायचं असतं. त्या चार-पाच सेकंदांत तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये काटा तीन हजारावर घेऊन बसला असाल, तर इंटरसेप्टर तशीच ओढून नेईल. ड्यूक आधी दुसऱ्यात टाकावी लागेल. टाकलीत तर ती पक्ष्यासारखी जाईल. नाही टाकलीत तर इंजिन धडधडेल, गाडी ट्रकच्या बाजूला रेंगाळेल, आणि समोरून एसटी. त्या क्षणी कागदावरचे ४६ पीएस कुठेतरी वर, साडेआठ हजारावर बसलेले असतात.

मागे माणूस बसला की काय होतं तेही बघा. चालवणारा ७५ किलोचा धरू. एक टन वजनामागे किती पीएस असा हिशोब मांडला, तर एकट्याने चालवताना ड्यूक १८९, इंटरसेप्टर १६०. आता या हिशोबात तिसरी गाडी आणतो, ट्रायम्फ स्पीड ४००. ४० पीएस, वजन १७६. तिचा आकडा १५९. म्हणजे माणूस बसवला की ६५० आणि ४०० एकाच रांगेत! मागे साठ किलोचा मित्र बसवा: ड्यूक १५२, इंटरसेप्टर १३३, स्पीड १२९. ड्यूकचा आकडा एक पंचमांशाने पडतो. जड गाडीचा त्यामानाने कमी पडतो, कारण ती आधीच जड होती. डबलसीट फिरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

ड्यूक आणि स्पीड ४०० या दोघी चाकणच्या लेकी आहेत. केटीएम ऑस्ट्रियाची, ट्रायम्फ इंग्लंडची, पण या दोन्ही गाड्या बजाज चाकणला बनवतं. पुण्याच्या शेजारी तयार होऊन त्या जगभर जातात. इंटरसेप्टरचं इंजिनीअरिंग पुष्कळसं इंग्लंडच्या टेक्निकल सेंटरमध्ये झालं, बनते मात्र तमिळनाडूत. स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये २ लाख ३३ हजारांना आली तेव्हा या वर्गातल्या सगळ्यांनाच पुन्हा हिशोब मांडावा लागला. तिचा टॉर्क ३७.५ न्यूटन मीटर, ६५०० ला. ड्यूकपेक्षा दीडच कमी. पण ती ८००० ला सर्वोच्च पॉवर देऊन मोकळी होते, पुढे ताणत नाही. चालवताना जाणवतं ते हे की खाली आणि मध्ये ती भरलेली वाटते, वर जाऊन ओरडायची तिला हौस नाही.

आता "फील" या शब्दाबद्दल. यूट्यूबवर सगळे म्हणतात, "कॅरेक्टर आहे गाडीला." कॅरेक्टर म्हणजे नेमकं काय? बऱ्याच अंशी ते स्फोटांचं वेळापत्रक असतं. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. सिंगल असेल तर धक्का, मग मोठा गॅप, मग धक्का. म्हणून कमी आरपीएमला ड्यूक किंवा डोमिनार वरच्या गिअरमध्ये रेटली तर साखळी खडखडते, गाडी उचक्या देते. इंटरसेप्टरमध्ये दोन पिस्टन आहेत आणि ते क्रँकवर २७० अंशांनी पुढेमागे लावलेत. स्फोट २७० अंशांनी, मग ४५० अंशांनी, मग पुन्हा २७०. सारख्या अंतराने नाही. ढोलावर टिपरू आणि थाप लंगडत पडावी तसा ठेका. तिचा आवाज साध्या ट्विनसारखा "बर्रर्र" येत नाही, थोडा गडगडतो, तो यामुळे. शिवाय एक पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबलेला असतो, तेव्हा दुसरा मधोमध जोरात धावत असतो. दोघे एकमेकांची ऊर्जा सांभाळून घेतात आणि क्रँकचा वेग कमी हिंदकळतो. वर बॅलन्सर शाफ्टही आहे. कावासाकी निन्जा ६५० पण दोन सिलिंडरची, पण तिचा क्रँक १८० अंशांचा, एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. तिचे ६८ पीएस ८००० ला येतात आणि ती वर जायला आतुर असते. सीसी जवळपास तेच, सिलिंडर तेवढेच, पण स्वभाव वेगळा.

क्लासिक ३५० वाले चिडायच्या आत त्यांचंही बोलून घेऊ. ३४९ सीसी, २०.२ पीएस, टॉर्क २७ न्यूटन मीटर ४००० ला. सीसीच्या मानाने पॉवर कमी, म्हणून पोरं हसतात. पण आतलं माप बघा. क्लासिकचा बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८. स्पीड ४०० चा बोअर ८९, स्ट्रोक ६४. म्हणजे एकाचं सिलिंडर उंच तांब्यासारखं, दुसऱ्याचं पसरट पातेल्यासारखं. उंच सिलिंडरात पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात जास्त धावावं लागतं. क्लासिक ६१०० ला आणि स्पीड ८००० ला, दोन्हींच्या पिस्टनचा सरासरी वेग काढला तर दोन्हीकडे सेकंदाला सतरा मीटरच येतो! क्लासिकचा पिस्टन आळशी नाही. तोही तेवढाच पळतोय, फक्त लांबच्या रस्त्यावर. त्याच्या बदल्यात पाचव्या गिअरमध्ये पन्नासने डुलत जाण्याची सोय मिळते. ज्याला ती पाहिजे, त्याने ती घ्यावी, हसण्यावारी नेऊ नये.

हा वाद तसा जुना आहे. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० राजदूत नावाने आणली, तेव्हाही "एचटी" आणि "एलटी" अशा दोन गाड्या होत्या. साडेतीस हॉर्सपॉवर आणि सत्तावीस. घरोघरी भांडण हेच: जोर पाहिजे की पेट्रोलचा हिशोब.

बरं, इंजिन सोडून बाकीचं. पावसाळ्यानंतरचा कुठलाही सर्व्हिस रोड डोळ्यांसमोर आणा. इंटरसेप्टरचं मागचं सस्पेन्शन ८८ मिलिमीटर दबतं, पुढचं ११०. स्पीडचं मागे १३०, पुढे १४०. ड्यूकचं दोन्हीकडे १५०. कमरेला हा फरक सीसीच्या आधी कळतो. गुळगुळीत पाम बीच रोडवर इंटरसेप्टर राणी आहे. खड्ड्यात मागच्या माणसाला विचारा. पावसातलं अजून एक: ड्यूकला ट्रॅक्शन कंट्रोल, रेन मोड आणि वळणात झुकलेलं असतानाही काम करणारं एबीएस आहे. स्पीडला ट्रॅक्शन कंट्रोल आहे. इंटरसेप्टरला एबीएस आहे, पण ट्रॅक्शन कंट्रोल नाही, आणि कमी आरपीएमलाच भरपूर टॉर्क आहे. ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर सिग्नलला थांबून जोरात निघणार असाल तर हे दोन मुद्दे एकत्र वाचा.

गरमीचं थोडक्यात. मानखुर्दच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्यात लिक्विड कूल्ड गाडीचा पंखा सुरू झाला की रेडिएटरची गरम हवा पायांवर येते. इंटरसेप्टर हवा आणि तेलावर थंड होते, पंख्याचा झोत नाही, पण दोन मोठी सिलिंडर गुडघ्यांच्या मध्येच तापत असतात. थंड कोणीच नाही.

आणि २१८ किलो. शोरूममध्ये साइड स्टँडवरून उचलताना कळतात, पण खरे कळतात ते घरी. शिरवणे गावठाणातल्या गल्लीत, दोन स्कूटर आणि टेम्पोच्या मधून, उताराला तोंड करून लावलेली गाडी सकाळी पायांनी मागे ढकलायची असते. हे काम रोज आहे. घाट महिन्यातून एकदा.

पैशाचं एवढंच सांगतो की ३५० सीसीला एक रेघ आहे आणि ती महागात पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी, त्यावरच्यांना ४०. विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ च्या दरांत १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये आहे आणि ३५० च्या वर १५,११७. ईएमआय मोजताना एक्स-शोरूमवर थांबू नका.

मग टेस्ट राइड कशी घ्यायची? शोरूमवाले एमआयडीसीत एक चक्कर मारून आणतात, दोन किलोमीटर, मागे त्यांचा माणूस. त्यात फक्त हॉर्न कळतो. तुम्ही सांगा, फ्लायओव्हर असलेला रस्ता पाहिजे. हेल्मेट स्वतःचं न्या, म्हणजे वाऱ्याचा अंदाज येतो. तिसऱ्या गिअरमध्ये तीसने चालवत चढावर थ्रॉटल हळू उघडा: ओढते की उचकते ते बघा. मग हायवेवर वरच्या गिअरमध्ये ऐंशी एकसारखे धरा आणि आरशात बघा. मागची गाडी ओळखता येते की आरसा थरथरून सगळं पुसट होतंय? ऐंशी का, तर ऐंशीवरून शंभरला गेलं की हवा कापायला लागणारी पॉवर जवळपास दुप्पट होते आणि या तिघीही उघड्या गाड्या आहेत, वारा छातीवर येतो. इंजिन दमायच्या आधी तुमची मान दमते. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून तीन मिनिटं तशीच बसा. मग बंद करून पायांनी मागे ढकला.

व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तू लिहिलंस की रोज वाशीमार्गे बीकेसी, गाडी गल्लीत लागते, आणि लोणावळा कधीतरी, डबलसीट. माझं मत स्पीड ४००. ड्यूक तुला रोजच्या ट्रॅफिकमध्ये सारखी गिअर बदलायला लावेल आणि इंटरसेप्टर गल्लीत घामाघूम करेल. तू एकटाच फिरणारा असतास, पहाटे उठून घाटातल्या वळणांसाठी जाणारा, तर ड्यूक म्हणालो असतो. आणि वर्षातून दोनदा गोवा करणारा, खाली पार्किंग असलेला असतास, तर इंटरसेप्टर, डोळे मिटून.

एक काम मात्र बुकिंगच्या आधी कर. लोणावळ्याला जी मागे बसणार आहे, तिला टेस्ट राइडला घेऊन जा आणि दहा मिनिटं मागे बसव. ड्यूकची मागची सीट बघून ती काय म्हणते ते मला व्हॉइस नोटवर पाठव, पुढच्या भागात लावू.